सत्याची पिके

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



हैदराबादहून मुंबईकडे निघालेला महामार्ग पाटणचेरू, संगारेड्डी, सदाशिवपेठ अशी गावे मागे टाकीत सुमारे शंभर किलोमीटरवर झहीराबादला पोहोचतो. या शाळेतील कितीतरी कुटुंबे सणासुदीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत याच वाटेने बीदर, उदगीर, निलंगा, उमरगा, सोलापूरकडे जात असतात. बसच्या खिडकीतून दिसणारे झहीराबाद म्हणजे चहाच्या टपऱ्या, उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि तांबड्या मातीची धूळ. बस थांबते, चहा होतो, बस सुटते. रस्त्यापासून थोडे आत असलेल्या पस्तापूर नावाच्या खेड्याची आणि त्याच्या भोवतालच्या पाऊणशे गावांची दखल घेण्याचे कारण सहसा कुणाला पडत नाही. घरची शेती आणि जवळचे अन्न हा आजच्या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा उदाहरणासाठी दूरदेशी जाण्याचे प्रयोजन उरले नाही. उदाहरण शेजारी आहे. आणि ते घडवणाऱ्या व्यक्ती बहुतांशी दलित, अल्पभूधारक आणि शाळेची पायरी कधीही न चढलेल्या स्त्रिया आहेत.

घरची शेती हा शब्द शहरात ऐकला की अनेकांना एखादा रम्य छंद आठवतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील शेतखात्याचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर भरते, आणि शंभरातील शहाऐंशी खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. म्हणजे या देशात कुटुंबाने कसलेली लहान शेती हा अपवाद नसून तोच नियम आहे. प्रश्न असा की त्या तुकड्यावर काय पेरायचे, हे कोण ठरवते.

१९८३ साली दोन गोष्टी घडल्या. एक फार गाजली. एन. टी. रामाराव यांचे सरकार आंध्र प्रदेशात सत्तेवर आले आणि दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. दुसरी गोष्ट गाजली नाही. पस्तापूरच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने काम सुरू केले. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे मूळचे दूरदर्शनचे निर्माते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने खेड्यापाड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा जो प्रयोग देशात झाला, त्यात त्यांचा सहभाग होता. खेड्याला काहीतरी सांगायला जाणारा हा गृहस्थ पुढे खेड्याचे ऐकण्यासाठी तिथेच राहिला, आणि २०२३ च्या मार्चमध्ये निधन होईपर्यंत त्याच कामात राहिला.

स्वस्त तांदळाला नावे ठेवणे सोपे नाही. भुकेल्या घराला दोन रुपयांत किलोभर तांदूळ मिळणे हा दिलासाच होता, आणि तो नाकारण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. परंतु या दिलाशाची दुसरी बाजू झहीराबादच्या जमिनीवर उमटली. हा मुलूख भाताचा नव्हे. बीदरच्या पठारापासून पसरलेली जांभ्या दगडाची तांबडी, उथळ, पाणी न धरणारी जमीन आणि मधूनमधून काळ्या मातीचे पट्टे, असे त्याचे रूप. येथे शतकानुशतके ज्वारी, बाजरी, राळे, तूर, हुलगे, जवस हेच पिकत आले. रेशनच्या दुकानात तांदूळ स्वस्त झाला तशी ज्वारी पेरणे तोट्याचे ठरू लागले. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली. जनावरे गेली तसे शेणखत गेले, आणि खताविना आधीच हलकी असलेली माती आणखी निकस झाली. मग रान पडीक. दलित कुटुंबांच्या वाट्याला सरकारी वाटपातून आलेले एक-दोन एकर तर मुळातच गावाने टाकून दिलेले होते. ते कसायला बैल नाही, बियाणे नाही, हाती पैसा नाही. त्यामुळे कागदावर जमिनीच्या मालकिणी असलेल्या बायका दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जात आणि त्या मजुरीतून तांदूळ आणत. पोट भरत होते, पण शेतीचे सगळे चक्रच तुटले होते.

या बायकांचे गावोगाव संघम् झाले. संघम् म्हणजे गावातील गरीब स्त्रियांचे मंडळ. दिवसभर मजुरी, मग स्वयंपाक, मग जेवणे. ते सारे उरकल्यावर रात्री बैठक. प्रारंभी बचत, मग बांधबंदिस्ती, मग एकत्र येऊन खंडाने जमीन घेणे, असा प्रवास होत गेला. संस्थेच्या माणसांनी तेथे येताना काही योजना सोबत आणल्या असतीलच. परंतु कोणत्या रानात काय लागते, कोणते बी कुणाच्या घरी उरले आहे, कोणत्या महिन्यात कोणत्या घरात चूल पेटत नाही, हे ज्ञान बायकांपाशी होते. त्यांना निरक्षर म्हणून नोंदवणाऱ्या खानेसुमारीच्या तक्त्यात या ज्ञानासाठी रकाना नव्हता, इतकेच.

१९९० च्या दशकाच्या मध्यास या संघमांनी जे केले ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात धडा म्हणून यावे अशा योग्यतेचे आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. शेकडो मैलांवरून तांदूळ आणून तो स्वस्तात विकण्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते, त्यातला थोडा पैसा येथील पडीक रान नांगरायला दिला, तर धान्य येथेच पिकणार नाही का? केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्याच्या साह्याने तीसएक गावांत हा प्रयोग उभा राहिला. पडीक जमीन असलेल्या कुटुंबाला नांगरणी, शेणखत, बियाणे आणि खुरपणी यांसाठी कर्ज मिळाले. अट अशी की परतफेड पैशांत नव्हे, ज्वारीत करायची, आणि तीही काही वर्षांत हप्त्याहप्त्याने. अडीच हजारांहून अधिक एकर रान अशा रीतीने पुन्हा औताखाली आले. परतफेडीची ज्वारी तालुक्याच्या गोदामात गेली नाही. ती त्याच गावात, संघमच्या बायकांच्या देखरेखीखाली साठवली गेली. पावसाळ्यात, जुने धान्य संपलेले आणि नवे हाती न आलेले असे जे उपासमारीचे महिने असतात, तेव्हा ती गावातल्याच गरीब घरांना बाजारभावापेक्षा कमी दराने विकली गेली. विक्रीचा पैसा गावाच्या निधीत, आणि निधीतून पुन्हा आणखी पडीक रान. मार्कंडेयासारखे चिरंजीव कर्ज म्हणावे असा हा व्यवहार.

या व्यवहारातील एक तपशील शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. गरीब कोण, हे ठरवायचे कसे? सरकारी रीत सर्वांना ठाऊक आहे. एक अनोळखी कर्मचारी येतो, छापील प्रश्नावली भरतो, आणि पुष्कळदा जो बोलका तो गरीब ठरतो, जो भिडस्त तो राहून जातो. संघमच्या बायकांनी गावकऱ्यांना एकत्र बसवले आणि गावाच्या मोकळ्या जागेत जमिनीवर रांगोळीच्या रंगांनी सारा गाव काढला. गल्ल्या, घरे, कोणते घर कुणाचे. मग जमीन किती आणि कशी, जनावर आहे का, कमावते हात किती, घरात आजारपण आहे का, असे एकेक पाहत प्रत्येक घराची पायरी सर्वांसमक्ष ठरवली. जे घर सर्वांत खालच्या पायरीवर त्याला धान्य अधिक, जे वरच्या पायरीवर त्याला कमी. चारचौघांत खोटे बोलणे अवघड असते. शिवाय शेजारणीला शेजारणीच्या डब्यातले पीठ ठाऊक असते. अंगणात रांगोळी काढणाऱ्या हातांनी काढलेला हा नकाशा भूगोलाच्या कोणत्याही तासाला मांडता येईल.

आता पिकांविषयी. तांबड्या रानातील पावसाळी शेत पाहिले तर नवख्या माणसाला ते अव्यवस्थित वाटेल. ज्वारी आहे, तीत तूर आहे, मधे मूग, उडीद, चवळी, कडेला अंबाडी, तीळ, कुठे राळे, कुठे बाजरी. एका एकरात दहा-बारा पिके सहज, काही बायकांच्या रानात वीसहूनही अधिक. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत इरवड घालणे म्हणतात, त्याचाच हा विस्तार. यामागे हिशेब पक्का आहे. मूग दोन-अडीच महिन्यांत निघतो आणि घरात पहिली डाळ येते. ज्वारी नंतर. तूर त्याहून उशिरा, कारण तिची मुळे खोल जातात आणि वरच्या थराचा ओलावा संपल्यावरही ती तग धरते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र मिळते. पाऊस लवकर गेला तर एक पीक जाते, दुसरे राहते; उशिरा कोसळला तर उलटे. ज्या घराला विमा परवडत नाही त्या घराने शेतातच उतरवलेला हा विमा आहे. भांडवली सल्लागार हीच गोष्ट गुंतवणुकीच्या वर्गात शुल्क घेऊन शिकवतात.

काळ्या मातीच्या पट्ट्यांत रब्बीला याहून विलक्षण प्रकार दिसतो. शाळू, हरभरा, करडई, जवस, गहू, वाटाणा ही पिके पावसाळा सरल्यावर पेरली जातात आणि मातीत मुरलेल्या ओलीवर व थंडीतल्या दंवावर वाढतात. त्यांना पाण्याची पाळी नाही, रासायनिक खत नाही. झहीराबादच्या बायका या पिकांना तेलुगूत ‘सत्यं पंटलु’ म्हणतात. सत्याची पिके. माणूस त्यांना जवळजवळ काही देत नाही, तरी ती उगवतात आणि घर जगवतात. जगात अजून सत्य शिल्लक आहे म्हणून, अशी त्या नावामागची भावना. या मातीला असे नाव सुचायला विद्यापीठाची पदवी लागत नाही, आणि विद्यापीठाची पदवी घेऊन असे नाव सुचेलच याची खात्रीही नाही.

लातूर, धाराशिव, बीदर या बाजूच्या श्रोत्यांच्या मनात एव्हाना वेळ अमावस्या आली असेल. मार्गशीर्षातील त्या दिवशी गावे ओस पडतात आणि सारी माणसे शिवारात असतात. ज्वारीच्या हिरव्या रानात कडब्याची खोप उभारून, पांडवांचे दगड मांडून पूजा होते. आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जीचा नैवेद्य दाखवला जातो. भज्जीत काय असते? ओली तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, जे जे त्या वेळी रानात असते ते. म्हणजे भज्जीचे भांडे हे त्या शेताचेच शिजवलेले रूप आहे. रानात एकटे सोयाबीन किंवा एकटा ऊस असेल तर भज्जीचे सामान बाजारातून आणावे लागते, आणि अलीकडे पुष्कळ ठिकाणी ते तसे आणले जातेही. सण राहतो, सणाचे शेत जाते. तेलंगणाच्या आणि मराठवाड्याच्या मधली सरहद्द १९५६ साली नकाशावर आली. मातीने, ज्वारीने आणि बायकांच्या परड्यांनी ती अद्याप फारशी मनावर घेतलेली नाही.

पेरलेल्या पिकांइतकेच महत्त्व न पेरलेल्या भाज्यांना आहे. चाकवत, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू यांसारख्या रानभाज्या ज्वारीच्या रानात आपोआप येतात. कृषिखात्याच्या पुस्तकात त्यांचे नाव ‘तण’. खुरपणीला गेलेल्या मजूर बाईच्या दृष्टीने ती ओटीत भरून न्यायची संध्याकाळची भाजी, आणि लोह, चुना, जीवनसत्त्वे यांचा तिला न विकत घ्यावा लागणारा साठा. तणनाशक फवारले की शेतमालकाची खुरपणीची मजुरी वाचते. बाईची मजुरीही जाते आणि भाजीही जाते. येथे एक गोष्ट मुलींसाठी. बतुकम्मा रचताना जी गुलाबी-पांढरी तुरेदार फुले वापरतात त्यांना तेलुगूत गुनुगु म्हणतात. मराठीत तीच कुर्डू. बतुकम्मातली पिवळीजर्द तंगेडु म्हणजे तरवड. दोन्ही पडीक रानात आणि शेताच्या बांधावर उगवणारी. नवरात्रात एका गल्लीत भोंडल्याचा फेर आणि पलीकडच्या गल्लीत बतुकम्माचा फेर धरणाऱ्या या शहरात ती फुले आता हातगाडीवर वजनाने विकत मिळतात.

बियाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण शेतीचे स्वातंत्र्य शेवटी तेथे ठरते. मळणीच्या आधीच उभ्या पिकातून चांगली कणसे हेरून वेगळी काढायची, उन्हात वाळवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत किंवा शेणमातीने लिंपलेल्या कणग्यांत ठेवायची, हे काम घरोघर बाईचे. संघमांनी त्यालाच गावाच्या बीजपेढीचे रूप दिले. पेरणीपूर्वी जिला बी हवे तिने न्यावे, पैसे देऊ नयेत. सुगीनंतर नेले त्याच्या दीड-दोन पट बी परत आणावे. व्याज म्हणावे तर ते आहेच, पण ते मातीने दिलेले असते. अशा पेढ्या साठएक गावांत उभ्या राहिल्या आणि नाहीशा होत चाललेल्या कितीतरी वाणांना पुन्हा रान मिळाले. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आपल्या घरापासून सुरू केले आणि पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. दोन ठिकाणे, दोन भाषा. मडक्यातील राख एकच.

याउलट ज्या शेतात दरवर्षी बियाणे दुकानातून येते, तेथे पेरणीचा पहिला दिवस कर्जाचाही पहिला दिवस असतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर वरंगल भागातील शेतकऱ्यांच्या शेतांत काय घडते आहे, हे झहीराबादच्या या बायकांनी स्वतः जाऊन चित्रित केले. होय, चित्रित केले. संस्थेने त्यांना व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवले होते. अक्षरओळख नसलेल्या, कालपर्यंत मजुरीला जाणाऱ्या स्त्रिया कॅमेरा खांद्यावर घेऊन शेतकऱ्याला प्रश्न विचारतात, आणि तो त्यांना टाळू शकत नाही, कारण प्रश्न विचारणारीला कापसाच्या बोंडाविषयी त्याच्याइतकेच कळते. हा माहितीपट देशाबाहेरही दाखवला गेला.

पुढे २००८ साली माचनूर या गावी संघम् रेडिओ सुरू झाला. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना देण्याचे धोरण सरकारने २००६ मध्ये स्वीकारले होते, आणि त्याखाली ग्रामीण भागात सुरू झालेल्या अगदी पहिल्या केंद्रांत याची गणना होते. नरसम्मा नावाच्या दोन दलित तरुणी ते चालवू लागल्या. संध्याकाळी दोन तास, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिघात, त्या भागाच्या बोलीत कार्यक्रम. पेरणी, बी, औषधी वनस्पती, गाणी, बाळंतपणातील काळजी. शहरी आकाशवाणीच्या शुद्ध तेलुगूत ज्यांना आपली भाषा कधी ऐकू आली नव्हती, त्यांना ती यंत्रातून ऐकू येऊ लागली. परभाषिक शहरात साठ वर्षे मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळेला याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच माचनूरला १९९३ पासून एक शाळा आहे, पच्चसाले, म्हणजे हिरवी शाळा. घरच्या गरिबीमुळे शाळा सुटलेली, मजुरीला लागलेली मुले तेथे आली. नेहमीचे गणित, भाषा, विज्ञान तेथे आहेच आणि दहावीची परीक्षाही. पण त्याबरोबर शेती, सुतारकाम, कुंभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, वनौषधी यांचेही तास असतात, आणि ते शनिवारच्या दुपारी उरलेल्या वेळात उरकले जात नाहीत. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेली नई तालीम बहुतेक शाळांनी चरखा अडगळीत टाकून विसरली. पच्चसालेतील मुलाला मात्र आईच्या ज्ञानाची लाज वाटण्याचे कारण उरले नाही. शिक्षणाने ही एक गोष्ट साधली तरी पुष्कळ. आणि प्रामाणिकपणे पाहिले तर शहरातल्या मोठमोठ्या शाळांना ती साधतेच असे नाही.

हे सारे ऐकून झहीराबादेत सर्व काही गोमटे आहे अशी समजूत होऊ नये. राळे, सावा यांसारख्या धान्यांचे टरफल घट्ट असते. ते काढायला पूर्वी उखळ-मुसळाशी बाईलाच झगडावे लागे. गावात गिरण्या आल्या त्या गहू-तांदळाच्या. म्हणून तांदूळ आला तेव्हा अनेक बायकांनी मनातून सुटकेचा श्वासच टाकला असणार. पूर्वजांच्या आहाराचे गोडवे गाणाऱ्यांनी मुसळ कुणाच्या हातात होते हे आधी विचारावे. दुसरे असे, की ऊस, कापूस, सोयाबीन यांचा रोख पैसा डोळ्यांसमोर असताना ज्वारी-तुरीच्या मिश्र रानावर टिकून राहणे सोपे नव्हे. आणि त्या बायकांची शिकलेली मुले हैदराबादच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामाला येतात, त्यांना दोष देता येत नाही.

आणि तिसरे संकट जमिनीचेच. झहीराबादजवळ राष्ट्रीय गुंतवणूक व उत्पादन क्षेत्र उभारण्याचे ठरले असून न्यालकल व झरासंगम मंडलांतील सुमारे साडेबारा हजार एकर जमीन त्यासाठी अपेक्षित आहे. माचनूरचा परिसर याच झरासंगम मंडलात येतो. उद्योग नकोत असे कुणी म्हणत नाही. आज येथे बसलेल्या अनेक कुटुंबांची चूल कारखान्यांच्या आधारावरच पेटते. परंतु अधिग्रहणाच्या कागदांत जमिनीचे वर्णन कोरडवाहू, हलकी असे होते आणि भावही त्यानुसार ठरतो. वीस वर्षे शेणखत घालून, बांध घालून, दगड वेचून जी जमीन पडीकाची सुपीक झाली, तिच्या मातीतील ती वीस वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची? शिवाय सरकारी वाटपाच्या जमिनीवरचा गरिबाचा हक्क नेहमीच पातळ असतो. शेतकरी स्त्रियांनी या अधिग्रहणाविरुद्ध सभा घेतल्या, निवेदने दिली. तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

तरीही त्यांच्या आवाजाचा परिणाम झालाच नाही असे नव्हे. सतीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या संघटनांना एकत्र आणून भरड धान्यांसाठी जे जाळे उभारले, त्यांची मागणी होती की रेशनमध्ये गहू-तांदळाबरोबर ही धान्येही असावीत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात एक रुपया किलो दराने भरड धान्य देण्याची तरतूद आली. २०१८ हे वर्ष देशाने राष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष घोषित केले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. ‘भरड’ हा शब्द सरकारने मागे घेतला आणि ‘पौष्टिक धान्ये’ म्हणावे असे ठरवले. ज्या धान्यामुळे एके काळी पाहुण्यांसमोर गरिबी उघडी पडत असे, ते आता हैदराबादच्या चकचकीत दुकानांतून रंगीत पाकिटांत, तांदळाच्या कित्येक पट भावाने मिळते. त्या भावातील किती पैसे न्यालकलच्या बाईपर्यंत पोहोचतात, हा हिशेब मात्र पाकिटावर छापलेला नसतो. एखाद्या गणिताच्या तासाला मुलांनी तो काढून पाहावा. बाजारसमितीतील ज्वारीचा भाव वर्तमानपत्रात रोज येतो.

शेवटी एक माहिती, विशेषतः नववीच्या वर्गासाठी, कारण सहलीचे ठिकाण अजून निश्चित झालेले नाही असे ऐकिवात आहे. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास या गावांत ‘पात पंटल जातरा’ निघते, म्हणजे जुन्या पिकांची जत्रा. बैलगाड्या सजवतात, त्यांवर टोपल्यांतून नाना जातींचे बी मांडतात, आणि महिनाभर त्या गाड्या गावोगाव फिरतात. ज्या गावी गाड्या जातात तेथील बायका त्यांना ओवाळतात, आपले बी दाखवतात, दुसऱ्या गावचे बी मागून घेतात आणि मग वेशीच्या आत शेतीवर चर्चा होते, प्रसंगी कृषी अधिकाऱ्यांची उलटतपासणीही. फेब्रुवारीच्या मध्यास माचनूरला समारोप होतो. इमलीबनच्या स्थानकावरून झहीराबादची बस सकाळपासून मिळते. अडीच-तीन तासांचा प्रवास आहे. शहरातून येणाऱ्यांना पाहता येते, बी हातात घेता येते, विचारता येते. तेलुगू थोडी आली तर बरे. नाही आली तरी बीदरच्या बाजूच्या काही बायकांना मराठी कळते, आणि ज्वारीची भाकरी त्या मुलांना न विचारताच वाढतील.